साऱ्याच पाच-चार

आमच्या घरात स्टॅटिस्टिक्स शिकलेला मी पहिला माणूस, आणि दादाचं जमलेलं लग्न मोडायला निघालेलाही पहिला मीच. दोन्ही कामं मी एकाच रविवारी केली.

त्या दिवसांत दादाचं आमच्याच शहरातल्या वैशाली नगरच्या प्रज्ञाशी ठरलं होतं आणि पुढच्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. पण साक्षगंध होईपर्यंत समाजात कुणाला सांगायचं नाही, असा बाबांचा हुकूम. "आधीच बोभाटा कायले कराचा?" असं ते म्हणत. (पुढं जो बोभाटा झाला त्याच्यापुढं लाऊडस्पीकर लावून सांगितलं असतं तरी परवडलं असतं!)

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि स्टॅटिस्टिक्समध्ये एकदा आपटून पुन्हा बसलो होतो. आपटलेले माझ्यासारखे बरेच होते, पण त्यांचे बाबा वेगळे होते. माझे बाबा स्टील प्लांटमध्ये, बोलणं कमी आणि सरळ. "औंदा नापास झाला तं ठेकेदाराकडे लावून देतो तुले," एवढंच म्हणाले.

प्रॅक्टिकलसाठी आमच्या हिंदीभाषी सरांनी प्रत्येकाला माणसांच्या उंच्या घ्यायला सांगितल्या. उंच्या घ्या, तक्ता करा, कागदावर रेषा काढा. "देखना, बीच में ज़्यादा लोग मिलेंगे, किनारे पर कम. घंटी जैसा बनेगा," सर म्हणाले. कॉलेजची मुलं, शाळेतली मुलं, रिटायर्ड माणसं हे सोपे गट पुढच्या बाकांनी पटापट उचलले. मी मागच्या बाकावर. माझ्यापर्यंत उरलं ते असं: अठरा ते पंचवीस वयाच्या मुली, आणि त्याही आपापल्या वस्तीतल्या!

आता आमच्या मरोदा वस्तीत एकट्या पोरानं इस्त्रीचा शर्ट घालून घरोघरी "तुमच्या मुलीची हाईट किती?" असं विचारत फिरणं याला स्टॅटिस्टिक्स म्हणत नाहीत. याला जे म्हणतात ते चपला हातात घेऊन म्हणतात. म्हणून मी डोकं चालवलं आणि आईला सोबत घेतलं.

आई समाजाच्या महिला मंडळात. कुणाच्या घरी किती वर्षांची मुलगी आहे हे तिला तोंडपाठ. रविवारी विहारात वंदना झाली की तिथूनच निघू, असं ठरलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली आणि वाटेत अर्धा किलो पेढे घेतले.

"पेढे कायले वो आई?"

"रिकाम्या हातानं जाते का कोनी लोकाच्या घरी? अन् तू नीट केस पाड."

बाबा नाईट ड्यूटी करून आलेले. फक्त स्कूटरनं सोडून देतो म्हणाले आणि मग "दोन मिनटं बसतो" म्हणून आमच्याबरोबर आतच आले. अशा रीतीनं आई, बाबा, पेढे आणि मी, एवढं शिष्टमंडळ मेश्राम काकूंच्या दारात उभं राहिलं.

"या या! जय भीम! आज इकडे कसे काय?" काकू म्हणाल्या.

"जय भीम. काई नाई, पोरीची थोडी माहिती पायजे होती," आई म्हणाली. आईनं अगदी खरं तेच सांगितलं, याला मी साक्षीदार आहे.

काकू आत गेल्या. आत भांडी वाजली, कुजबुज झाली, कढईत काहीतरी तडतडलं. थोड्या वेळानं पोहे आले. मागून नवा ड्रेस घातलेली त्यांची मुलगी मान खाली घालून चहा घेऊन आली. मी कागद काढला.

"हाईट किती हाय?"

मुलीनं आईकडं पाहिलं. "पाच-चार," काकू म्हणाल्या. "सैपाक बी येते तिले. शिलाईचा कोर्स केला."

"ते नको काकू. फक्त हाईट पायजे."

"लय स्पष्ट बोलते बावा पोट्टा!" काकू बाबांकडं बघून हसल्या. मी खिशातून आईच्या शिलाई मशीनचा टेप काढला, तसा आईनं माझ्या हातावर फटका मारला. "लोकाच्या पोरीले टेप लावते का बे? सांगते ते लिहून घे." मी पाच-चार लिहिलं आणि आम्ही उठलो. निघताना आई प्रेमानं म्हणाली, "बरं, येतो मंग. अजून लय घरं कराची हायेत." काकूंचं हसू तिथंच थांबलं. मला वाटलं, पोहे संपले म्हणून असेल.

दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी तर आम्ही पोचायच्या आधीच पोहे तयार! चौथ्या घरी मुलगी साडीत होती आणि पाचव्या घरी गुलाबजाम. सगळीकडं मुलीच्या आईनं उंची सांगितली, पाच-चार. मी मनातल्या मनात गदगदून गेलो. आपल्या समाजाला शिक्षणाबद्दल केवढी ही आस्था! एका पोराच्या प्रॅक्टिकलसाठी माणसं गुलाबजाम तळतात! बाबांनाही काही वेगळं वाटलं नाही. नाईट ड्यूटीनंतर ते दर घरी पोहे खाऊन बसल्या बसल्या डुलक्या काढत होते, आणि "बाप पसंती-नापसंती चेहऱ्यावर दाखवत नाही, पक्का मानूस हाय" अशी त्यांची ख्याती पसरत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

कळलं ते संध्याकाळी. वैशाली नगरहून गजभिये काकांचा, म्हणजे प्रज्ञाच्या वडिलांचा फोन आला. आवाज एवढा मोठा की स्पीकर लावायची गरज पडली नाही.

"भाऊ, पसंत नसन तं तोंडावर सांगा! पुऱ्या मरोद्यात मोठ्या पोरासाठी पोरी पाहून राहिले म्हनते तुमी! पेढे घेऊन!"

"अहो, ते पोट्ट्याले हाईट..."

"हाईट बी विचारून राहिले म्हनते! अन् दुसरं काई नको, निस्ती हाईट पायजे म्हनते! आमची पोरगी काय कमी पडली तुमाले?" फोन बंद.

दादा तेवढ्यात ड्यूटीवरून आला. ऐकलं, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसला. तो मारेल म्हणून मी आईच्या मागं जाऊन उभा होतो. पण तो एवढंच म्हणाला, "मले हेच लगन कराचं हाय." त्याचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मार खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

अर्ध्या तासात आम्ही सगळे वैशाली नगरला. बाबांनी मला पुढं ढकललं. "यानं केलं, यालेच सांगू द्या."

मी घसा साफ केला. "काका, हे सॅम्पल हाय."

"म्हंजे आमची पोरगी सॅम्पल?"

"नाई काका, त्या बाकीच्या सॅम्पल."

"अन् आमची? सॅम्पलमदी बी नाई घेतली?"

मी दादाकडं पाहिलं. दादानं डोळे मिटले होते. शेवटी मी कागदच काकांच्या हातात दिला. "पाहा न काका, कोनाचं नाव हाय का? लगनासाठी असतं तं नाव नसतं का लिहिलं?"

काकांनी चष्मा लावून वरून खाली वाचलं. मग खालून वर. "साऱ्याच पाच-चार?"

पडद्याआड कुणीतरी फिस्सकन हसलं आणि प्रज्ञा बाहेर आली. "माह्या बी बायोडेटावर पाच-चारच हाय," ती म्हणाली. "टेप आनला का? मंग माही बी घे."

ती सरळ दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मी टेप लावला आणि वाचलं, "पाच फूट, अर्धा इंच." (शहाणा माणूस मनात वाचतो. मी मोठ्यानं वाचलं.)

प्रज्ञाच्या आईनं पदर तोंडाला लावला. बाबा पंख्याकडं बघू लागले. एका दिवसात एकच लग्न दोनदा मोडायचा मान माझ्याकडं जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

"मले मालूम होतं," दादा म्हणाला.

"कसं मालूम?" दोन्ही वडील एकदम!

दादा कानापर्यंत लाल झाला. बाजारात ड्यूटीनंतर दोघं पाणीपुरी खातात, हे त्याला सांगावंच लागलं. "बाजूला उभी राहते, तं माह्या कानाले लागते. म्हंजे किती असन, अंदाज येते न," तो पुटपुटला.

"आता याईची घे," प्रज्ञा मला म्हणाली. दादा मागं सरकला. "माही कावून?" पण तिनं त्याला चौकटीला उभं केलंच. बायोडेटावर पाच-आठ. टेपवर, टाचा उचलूनसुद्धा, पाच-पाच!

पहिले हसले ते गजभिये काका. मग बाबा, मग सगळेच. "दोघाईनं बराबर फसवलं एकमेकाले," काका डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे जोडी बरोबर हाय. रविवारी या." आणि आतून पोहे आले. दादाच्या सुखासाठी मी तेही खाल्ले.

पुढं मी प्रॅक्टिकल दाखवलं. घंटी काही झाली नव्हती, कागदाच्या मधोमध एकच रेघ प्लांटच्या चिमणीसारखी उभी होती. चिमणीपासून लांब एकटाच ठिपका, प्रज्ञाचा. सरांनी कागद आडवा-उभा करून बघितला. "सब एक ही हाइट की? रहते कहाँ हो?"

"मरोदा, सर."

सरांनी सुस्कारा सोडला आणि त्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ये एक गलत नापा है. इसको हटाओ, तो पास कर देता हूँ."

अख्ख्या कागदावर खरोखर मोजलेली ती एकच उंची होती. मी ती खोडली आणि पास झालो.

प्रज्ञा आता माझी वहिनी आहे आणि ही गोष्ट ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. या महिन्यात आईनं माझा बायोडेटा करायला घेतला. उंचीपुढं मी पाच-आठ लिहिलं, आमच्या घराण्यात तीच चालते म्हणून. तेव्हापासून वहिनी शिलाई मशीनचा टेप गळ्यात घालून फिरते आहे, आणि ती समोर आली की स्टॅटिस्टिक्स पास झालेला हा माणूस टाचा उचलून चालतो!