माठातली पैंजणं

आमच्या घरात विज्ञान मीच आणायचो, आणि ते बहुतेक रविवारच्या पुरवणीतून यायचं. नव्वदच्या दशकात एकदा वाचलं, की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण पाण्यातले जंतू मारतात. झालं! बायकोची लग्नातली पैंजणं दंतमंजनानं लखलखीत घासली आणि पिण्याच्या माठात सोडली.

"पाणी उकळायचं ना?" बायकोनं विचारलं. आम्ही राहायचो त्या सावेडीला पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ यायचं.

"चांदी असताना?" मी म्हणालो.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीला बघायला आमच्या जिल्ह्यातल्याच अकोल्याहून पाहुणे आले. पत्रिका आधीच जुळलेली. मुलगा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. बहिणीनं पाणी दिलं, तेव्हा त्यानं तिला स्वयंपाकाचं नाही, नोकरीचं विचारलं. एरवी मान वर न करणारी ती खुलून बोलायला लागली. तिला तो आवडला, हे मला बसल्या जागी कळलं. तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही?

"पाणी बिनधास्त प्या," मी मुलाच्या वडिलांना म्हणालो, "चांदीचं आहे."

"म्हंजी, भांडं चांदीचं हाय व्हय?"

"भांडं कशाला? खुद्द चांदीच आत आहे!"

मी स्वयंपाकघरात जाऊन माठात कोपरापर्यंत हात घातला आणि निथळती पैंजणं ताटलीतून बैठकीत आणली. देवघरातलं नाणं असतं तरी निभावलं असतं.

मुलाच्या आईनं वाकून पाहिलं. "अगं बया! ही तर पायातली!"

वडिलांच्या तोंडात घोट तसाच राहिला. गिळावा की खिडकी गाठावी, हे त्यांना ठरवता येईना. अगदी नव्यासारखी घासलीत, असं मी सांगू लागलो, तर बायकोनं दारातूनच डोळे वटारले.

मुलगा हळूच म्हणाला, "कण फार बारीक केले तर जंतू मरतात, दादा. पैंजणातून तेवढं काय सुटणार? उकळलेलंच बरं."

पोहे तसेच राहिले. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

बहिणीनं माठ रिकामा केला, पातेलं गॅसवर चढवलं. मी दारात घुटमळत होतो. पाण्याला उकळी आल्यावर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तो बरोबर सांगत होता, दादा."

त्या दिवशी मला तहान लागली होती, पण पाणी मागायचं तोंड नव्हतं.