अंगठी सापडल्यानंतर

दिनानाथ सावे टेलिफोन खात्यात होते. जमिनीखालची केबल कुठे बिघडली हे हेडफोन लावून शोधायचं आणि तिथे खणायचं, यातच त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत बायको वसुंधरा गेली. मुलगी ज्ञानदा बंगळूरला होती. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये ते एकटे उरले. कधीकधी सबंध दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी ज्ञानदाचा फोन आला की घसा बसल्यासारखा आवाज यायचा आणि ती विचारायची, बाबा, सर्दी झालीय का.

किनाऱ्यावर धातू शोधणाऱ्या माणसाचा व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर पाहिला आणि एक साधं डिटेक्टर मागवलं. जवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत ते बरं चाललं. ओल्या वाळूत मात्र खाऱ्या पाण्यानेच बावचळून सारखं किंचाळू लागलं. मग त्यांनी बरंच वाचलं आणि पल्स इंडक्शनचं मशीन घेतलं. ते दांड्याच्या टोकाला बसवलेल्या थाळीतून वाळूत विजेचा ठोका सोडतं, क्षणभर थांबतं आणि खालून काय परत येतं ते ऐकतं. खाऱ्या पाण्याने ते गडबडत नाही. खोड एकच, लोखंड आणि सोनं त्याला जवळपास सारखंच. आवाज आला की खणायचंच.

सुरुवातीला ते थाळी झाडूसारखी फिरवत, वर उचलत. हळूहळू हात बसला. थाळी वाळूला लागून ठेवायची, सावकाश जायचं, आधीच्या फेऱ्यावर पुढचा फेरा अर्धा चढवायचा. फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यांनी भोकांचा स्टीलचा डबा लांब दांड्याला जोडून घेतला. त्यात वाळू उपसून पाण्यात हलवली की खाली बाटलीचं झाकण उरायचं, नाहीतर खिळा, जाळ्याचं शिसं, केसांची पिन. पिनेचा आवाज दुहेरी येतो, हे त्यांना कळू लागलं. घरी येऊन ते सगळं वर्तमानपत्रावर मांडत. दाखवायला कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी जवळच्या नंदाखाल गावच्या सँड्राबाई तुस्कानो त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. साठी उलटलेली, विधवा बाई. नवरा बस्त्याव जहाजावर होता. त्याची लग्नातली अंगठी त्या स्वतःच्या बोटात घालत. सैल होती म्हणून दोरा गुंडाळलेला. नातीबरोबर पाण्यात खेळताना ती निसटली होती. याने सापडेल का, एवढंच त्यांनी विचारलं. सांगता येत नाही, पण बघू, असं दिनानाथ म्हणाले.

मग ओहोटी असेल त्या संध्याकाळी दोघं भेटू लागले. दिनानाथांनी काठ्या रोवून सुतळीने पट्टे आखले. ते मशीन फिरवत आणि सँड्राबाई पुढची काठी हलवत. थर्मासमधून त्या चहा आणत. वाडीतल्या केळींबद्दल सांगत, बस्त्याव सुट्टीवर आला की घरात कसा पाहुण्यासारखा वावरायचा ते सांगत. दिनानाथ इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. एकदा त्यांनी सँड्राबाईंना सांगितलं, की हॉस्पिटलात वसुंधरा म्हणाली होती, काहीतरी बोला, आणि त्यांना काय बोलावं ते सुचलंच नव्हतं. ज्ञानदालाही हे ठाऊक नव्हतं.

एका सकाळी ते एकटेच गेले होते. पाणी खूप मागे हटलं होतं. हेडफोनमध्ये एक मऊ, भरीव आवाज आला. डब्यात अंगठी होती, आतल्या बाजूला बस्त्यावचं नाव कोरलेलं. त्यांनी फोन काढला. सँड्राबाईंचा नंबर समोर आला. संध्याकाळी हातातच देऊ, असं म्हणून त्यांनी फोन परत ठेवला.

संध्याकाळी सँड्राबाई चहा घेऊन आल्या. आजपासून सेंट अँथनीची नोव्हेना धरलीय, नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणाल्या. हरवलेलं तो मिळवून देतो. दिनानाथांनी खिशावर हात ठेवला, मग मशीन सुरू केलं. त्या दिवशी त्यांनी पुढचा पट्टा शोधला, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा, भरती असेल तेव्हा वरच्या कोरड्या वाळूतला. रोज घरून निघताना ते ठरवत, आज देऊन टाकायची. चहाचा पहिला घोट घेतला की म्हणत, उद्या.

नोव्हेना संपली त्या संध्याकाळी सँड्राबाई वाळूत बसल्या त्या उठेचनात. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्याची एवढी एक वस्तू होती. मला सांभाळता आली नाही."

दिनानाथांनी खिशातून अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

सँड्राबाईंनी ती उजेडात धरली, ओठांना लावली. मग बाजूला बंद करून ठेवलेल्या मशीनकडे त्यांचं लक्ष गेलं.

"कधी सापडली?"

आत्ताच, असं सांगता आलं असतं. दिनानाथ म्हणाले, "बरेच दिवस झाले."

"मग दिली का नाही?"

"तुमचं येणं थांबलं असतं."

सँड्राबाईंनी अंगठी मुठीत घेतली. "मी रोज मेणबत्ती लावत होते," त्या म्हणाल्या. थर्मास उचलला आणि सुरूच्या झाडांकडे चालू लागल्या. दिनानाथ मागे गेले नाहीत. अंधार पडायच्या आत त्यांनी एकट्याने काठ्या उपटल्या.

नंतर त्यांनी एकदा फोन केला. तो उचलला गेला नाही. मशीन कपाटावर गेलं. एका रविवारी त्यांनी ज्ञानदाला सगळं सांगून टाकलं. वसुंधरा काय म्हणाली होती, तेही. ती पुढच्याच आठवड्यात आली. चार दिवस राहिली. त्यांनी तिला थाळी धरायला शिकवलं, तिला एक बाटलीचं झाकण मिळालं, ती हसली. मग परत गेली.

पुढे आगाशीच्या बाजारात सँड्राबाई समोरून आल्या. अंगठी आता बोटाच्या मापाची करून घेतली होती. त्या थांबल्या. तब्येत बरी ना, म्हणून विचारलं. दिनानाथ हो म्हणाले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याच म्हणाल्या, "आता कुणाचं काही सापडलं तर लगेच द्या." आवाजात राग नव्हता. मग त्या मासळीवाल्यांच्या गर्दीत शिरल्या.

दिनानाथ पुन्हा राजोडीला जाऊ लागले आहेत. ओहोटी बघून, पण फक्त सकाळी. संध्याकाळी ते जात नाहीत.