धोंड्याच्या ताटातले तेहतीस फ्यूज

घाटंजीत नानाजींचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, मागे त्यांचं घर, आणि दुकानाला लागून माझं शिलाईचं दुकान. वीस वर्षं मशीन चालवता चालवता मी त्यांची बोलणी ऐकत आलोय, म्हणून हे अधिकारानं सांगतो. हात सोन्याचा, तोंड मात्र फटकळ. गाडीचा फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणी "नानाजी, तार गुंडाळून द्या" म्हणालं, की संपलंच. "तार कायले? पेट्रोल ओतून काडीच लावून देतो ना!" गिऱ्हाईक मुकाट्यानं नवा फ्यूज घेऊन जातं.

असा माणूस यंदा धोंड्याच्या महिन्यात दीड दिवस गप्प बसला. कारण जावई आले होते.

नानाजींच्या लेकीचं, सुरभीचं, लग्न होऊन सहा महिने झालेले. जावई रजतराव पुसदला मास्तर. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, पाय धुऊन, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. सुरभीच्या आईनं, बेबीताईंनी, नवऱ्याला आधीच बजावलं होतं, "जवाईबापूच्या गाडीले हात लावा, पन तोंड चालवू नोका. आपल्या पोरीले तिथं नांदाचं हाय."

आणि जावयाची मोटरसायकल कशी आली म्हणता! सीटच्या कडेला चार्जिंगचं सॉकेट, त्यात तीन तोंडांची पिन. एका तोंडाला फोन, दुसऱ्याला गाण्यांचा डबा, तिसऱ्याला पाणी थंड ठेवणारी पेटी. पेटी मांडीवर घेऊन आमची सुरभी मागे बसलेली. मे महिन्याच्या उन्हात जावयाला गार पाणी हवं, हे मलाही पटलं.

नानाजी गाडी पुसायच्या निमित्तानं वाकले आणि पांढरेफटक होऊन माझ्या मशीनसमोर येऊन बसले.

"पाच अँपियरचा जीव हाय त्या वायरचा. पेटी एकटीच चार खाते. वरून फोन, वरून गाने. फ्यूज उडते म्हनून कोन्या शहान्यानं त्याले तांब्याची तार गुंडाळून ठेवली. आता वायर पेटन, पन फ्यूज उडनार नाही. अन् वायर जाते सुरभीच्या सीटखालून."

"मग सांगा ना त्यांना."

"कसं सांगू? धोंडा चालू हाय."

मी हसलो. आता त्याची लाज वाटते.

दुपारी जावई झोपलेले असताना नानाजींनी तार काढली आणि गुपचूप नीट फ्यूज बसवला. संध्याकाळी रजतराव सगळं लावून पान खायला निघाले आणि चौकातच गाणं बंद, पेटी बंद. परत येऊन म्हणाले, "मामाजी, उडला पाहा! पुसदच्या मेकॅनिकनं कसं पक्कं करून देलतं. तुम्ही बी डायरेक्टच करून टाका." नानाजींचा जबडा हलला. आतून बेबीताईंनी भांडं आपटलं. नानाजी म्हणाले, "पाहू." वीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी वाणाला मीही होतो. पाय धुऊन झाले, कुंकू लागलं, नानाजींनी झाकलेलं ताट पुढे केलं. जावयांनी रुमाल उचलला. ताटात पाच अँपियरचे तेहतीस फ्यूज, बदामी रंगाचे, ओळीनं मांडलेले. अनारसे बिचारे स्वयंपाकघरातच राहिले होते. बेबीताईंनी कपाळावर हात मारला.

रजतराव मात्र खो खो हसले. "वा मामाजी! म्हनजे तेहतीस खेप उडाला तरी चिंता नाही."

"तेहतीस खेप उडन, जवाईबापू," नानाजी म्हणाले. "तेहतीस खेप माही पोरगी वाचन."

मग सुरभी हळूच म्हणाली, "बाबा, काल येताना मांडीपाशी चटके बसत होते. मले वाटलं, ऊन हाय."

रजतरावांचं हसू गेलं. "मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना. तुम्ही गाने लावून होते."

त्यानंतर नानाजींनी दीड दिवसाचं साठवलेलं सगळं बाहेर काढलं. यावेळी भांडं आपटलं नाही. जावई गाडीपाशी उकिडवे बसले आणि शाळेतल्या पोरासारखं ऐकत राहिले: वायरला झेपेल तेवढाच फ्यूज, सॉकेटला फक्त फोन, तोही इंजिन चालू असताना, पावसात वरून रबराचं टोपण. पेटी न्यायचीच तर बॅटरीवरून वेगळी जाड वायर, तिला वेगळा फ्यूज. जळकं सॉकेट रजतरावांनी स्वतः उपसून काढलं. त्याचं आतलं तोंड वितळून काळं झालं होतं. ते त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवलं.

चार वाजता दोघं निघाली. पेटी बेबीताईंकडेच राहिली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. नानाजी ताडकन उठले. रजतराव उतरले, सुरभीला उतरवलं, सीटखाली तळहात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग मान हलवून तिला पुन्हा बसवलं.

नानाजी माझ्याकडे पाठ करून उगाच पक्कड शोधू लागले. पक्कड त्यांच्या हातातच होती.