इंजिनिअरचा धोंडा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. पंधरा माणसं रोज एकत्र काम करायला लागली आणि पंधराही जणांना स्वतःचं मत असलं, की ते आपोआप साचतात! कोल्हापुरातलं आमचं सेवा मंडळ तसंच होतं. खेडोपाडी पिण्याच्या पाण्याची सोय करायची, हे त्याचं काम. पुण्याहून इंजिनिअर होऊन मी थेट तिथं रुजू झालो आणि आबा, म्हणजे माझे वडील, भडकले. दरबारच्या बांधकाम खात्यात त्यांची सगळी हयात गेलेली.

शेवटी म्हणाले, "नेसरीकडच्या गावात टाकी बांधणार आहेस ना? तिच्यात पाणी थांबलं तर राहा मंडळात. गळलं, तर मुकाट्यानं सरकारी खात्यात अर्ज करायचा."

"कबूल!" मी म्हणालो. माझ्या कामाची मला खात्री होती, आणि अजूनही आहे.

*

पहिल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. आमचे सेक्रेटरी नाना, मास्तरकी सोडून आलेला माणूस. त्यांना विचारलं, "माझं टेबल कुठं?"

नानांनी केरसुणी पुढं केली. मंडळात सगळ्यांनी पाळीपाळीनं झाडायचं, असा नियम.

"आणि इंजिनिअरिंग कधी?"

"झाडून झालं की!"

मी झाडलं. नानांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "कोपरे राहिले. मापं घेता ना तुम्ही?"

*

फायदा म्हणाल तर एकच, पण मोठा. चोविसाव्या वर्षी अख्खी टाकी माझ्या हातात! सरकारी खात्यात असतो तर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवून बसलो असतो.

तोटा म्हणजे बैठक. मंडळात प्रत्येक गोष्ट एकमतानं ठरायची, टाकीच्या भिंतीची जाडीसुद्धा! मी दोन फूट म्हटलं. एका सभासदांना दीड पुरेशी वाटली. दोघांचाही मान राखायचा म्हणून तिसऱ्यांनी पावणेदोन सुचवली.

मी वैतागून उठलो. "पाणी बैठकीला आलं नव्हतं! ते तुमचा ठराव मानणार नाही!"

नानांनी शांतपणे वहीत लिहिलं, "पाण्याची हरकत. दोन फूट मंजूर."

*

विहिरीतलं पाणी टाकीत चढवायला इंजिन हवं होतं. कुरुंदवाडच्या एका बागायतदारांनी ते दान दिलं. हार घातले, भाषणं झाली. इंजिन गाडीत चढवताना बागायतदार माझ्या कानाशी आले.

"सायेब, दान म्हंजे दान. पर गुऱ्हाळाच्या मोसमात न्यायला येनार, बरं का!"

*

आता टाकीचं. गावानं ठरवलं, भिंतीत प्रत्येक घरचा एक धोंडा बसणार. मी ठाम नाही म्हटलं, दगड खाणीतलाच हवा. गाव त्याहून ठाम! मग गवंड्याकडून एकेक धोंडा घडवून घेतला. कुणाचा कुठं बसला, ते सगळ्यांना पाठ. शेवटी पार्वताक्का नावाची म्हातारी म्हणाली, "सायेब, तुमचा कुठं हाय?"

"मी बाहेरचा, अक्का."

"हितलं पाणी पिणार न्हाय व्हय?"

मग ओढ्यातला एक धोंडा घडवून घेतला आणि गवंड्याला बाजूला सारून स्वतःच्या हातानं बसवला.

पाणी भरायच्या दिवशी आबा मुद्दाम आले. कोटाच्या खिशात सरकारी अर्जाचा कोरा फॉर्म! टाकी भरली आणि एका सांध्यातून पाण्याची धार लागली. अख्खा गाव तिथं वाकला.

"माझा न्हाय!"

"माझा बी न्हाय, माझा तिकडं वर हाय!"

पार्वताक्कानं नीट निरखून बघितलं. "ह्यो सायबाचा."

मला लाज वाटली, आणि आबांकडं बघायचा धीर होईना. अक्काच त्यांच्याकडं वळली. "पावणं, तुमच्या घरचा धोंडा गळतोय. आन् तुम्ही उभं काय ऱ्हायलाय?"

आबांनी कोट काढून माझ्या हातात दिला. धोतर खोचलं. "पाणी उतरवा. आणि थापी आणा कुणीतरी," म्हणाले. सगळा सांधा उकरून त्यांनी नव्यानं भरला, मला हात लावू दिला नाही. परतीची गाडी सोडली. सांध्यातला माल सुकेपर्यंत पार्वताक्काकडंच भाकरी खाल्ली. मग टाकी पुन्हा भरली. धोंडा कोरडा ठणठणीत!

एस.टी.ची वाट बघत आम्ही दोघं सडकेला उभे होतो. कोट त्यांच्या अंगावर, फॉर्म खिशात तसाच. आबांनी विचारलं,

"पुढची टाकी कुठल्या गावाला?"

"अजून ठरायचंय. का?"

"धोंडा घरनंच घेऊन येतो की!"