मोहाखाली बोलायचं नाही

त्या वर्षी चैत्रात माझ्या बहिणीच्या गावात डफडं वाजवून गप्प बसायचा हुकूम दिला गेला. थट्टा म्हणून लिहीत नाही. कोतवाल गल्लोगल्ली डफडं बडवत फिरला आणि घसा फाटेस्तोवर सांगत सुटला, की डाकबंगल्यावर अमेरिकेचा साहेब उतरला आहे, साहेब कमठ्यानं, म्हणजे धनुष्यबाणानं, अस्वल मारणार आहे, तर तो जाईपर्यंत मोहाच्या नाल्यात कोणी ओरडायचं नाही, डबे वाजवायचे नाहीत, झाडाखालचा पालापाचोळा पेटवायचा नाही.

गाव सोनाळ्याच्या पुढं, सातपुडा जिथं सुरू होतो तिथं. मी खामगावला शिकत होतो. शिकत कमी आणि पत्रकं वाटत जास्त. शेतमजुरांची सभा घ्यायची म्हणून पिशवीभर पत्रकं घेऊन ताईकडं आलो होतो. ‘राज्य मराठी माणसाचं झालं, मजुराचं कधी होणार?’ असं वर ठळक छापलेलं होतं. ते वाक्य माझंच होतं आणि मला फार आवडायचं.

डफड्याचा अर्थ ताईनं सांगितला तेव्हा माझं डोकं तापलं. मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडताच वेचली नाहीत तर गुरं आणि चितळं खाऊन जातात. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. आणि ते खाली मुंडी घालून खायला लागलं की त्याला कशाचं भान राहत नाही. माणूस अगदी जवळ आला की मग ते दचकतं आणि त्याच्या तोंडावरच झेप घेतं. म्हणून तिथल्या बाया नाल्याच्या तोंडाशी थांबून आधी गलका करत. डबे बडवत आणि वर अस्वलाला शिव्या देत: “ऊठ बे खादाडा! पोट भरलं अशीन तं जाय घरी, आमाले बी लेकरं हायेत!” त्यातली एखादी त्याला सासऱ्याच्या नावानं हाक मारायची आणि सगळ्या हसायच्या. अस्वल झाडी मोडत वर निघून गेलं की मग बाया आत शिरायच्या. हे त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलं होतं, आणि एका पाहुण्याच्या हौसेसाठी ते बंद.

माझे भाऊजी साहेबाला आणणाऱ्या शिकार कंपनीचे वाटाडे. मचाण कुठं बांधायचं, अस्वल कुठल्या झाडाखाली येतं, हे सगळं ते दाखवायचे. रात्री जेवताना मी त्यांच्यावर घसरलो.

“साहेबासाठी आपल्या बायांची तोंडं बांधता? लाज नाही वाटत?”

“छाप तुह्या कागदात,” भाऊजी भाकरी मोडत म्हणाले. “वरतून लिव्ह, भाटव्यानं, सख्ख्या बहिनीच्या नवऱ्यानं, केला घात. साळेबुवा, तो मानूस बंदूक नाई घेत. म्हन्ते, जनावराले बी मोका भेटला पाह्यजे.”

“आणि बायकांना मोका?”

“अवं, भांडू नका बापा जेवता जेवता,” ताई म्हणाली. “चार दिस मी नाई वरडली तं माही जीभ काई सडत नाई.”

“सडत नाई, पन त्याचा सारा वचपा घरात काढशीन,” भाऊजी म्हणाले, आणि ताईनं त्यांच्या ताटात भाजी जरा आपटूनच वाढली.

मी झोपलो होतो तेव्हाच भाऊजी साहेबाला घेऊन मचाणावर गेले आणि त्यांच्यानंतर ताई टोपली घेऊन गेली. मला जाग आली ती बायांच्या आरोळ्यांनी. अंगणात आलो तर भाऊजी धावत येत होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर ताई होती. तोंडावर पदर टाकलेला. पदर कुठल्या रंगाचा होता ते ओळखू येत नव्हतं. मी पदर उचलला आणि लगेच खाली टाकला. डाव्या बाजूला डोळा होता तिथं डोळा दिसत नव्हता. गालाचं मांस सुटून हनुवटीशी आलं होतं. पण ती श्वास घेत होती, घशात बुडबुडे फुटावेत तसा.

“जीप,” मी म्हणालो. “डाकबंगल्यावर जीप आहे.”

बाजेवर घातलं, चौघांनी उचललं, आणि आम्ही पळत डाकबंगल्यावर गेलो. जीप दारातच उभी होती. ड्रायव्हर बॉनेट पुसत होता. कंपनीचा मॅनेजर बाहेर आला, खाकी कपड्यातला, पान खाल्लेला. बाजेकडं पाहून तो चुकचुकला. मग म्हणाला, “जीप नाही देता येणार. जखमी जनावर नाल्यात आहे. मला वरून रेंजरसाहेबाला बंदुकीसह आणावं लागेल. पाहुण्याच्या जिवाला धोका आहे.”

“पाहुणा पायरीवर बसलाय! धोका हिच्या जिवाला आहे!”

“तुम्ही कोण?”

“भाऊ.”

“मग भावानं बहिणीला समजवायला पाहिजे होतं, शिकारीच्या वेळी नाल्यात काय काम?”

नाल्यात जाऊ नका असं डफड्यानं म्हटलंच नव्हतं. बोलू नका एवढंच म्हटलं होतं. मी ते ओरडून सांगितलं. मग थेट साहेबाकडं वळलो. उंच, लालबुंद माणूस. वाईट दिसत नव्हता. माझ्याकडं पत्रकांतलं इंग्रजी होतं. एक्सप्लॉयटेशन, फ्यूडल, मास मूव्हमेंट हे सगळे शब्द होते. ही मरते आहे, गाडी द्या, एवढं साधं मात्र जिभेवर येईना. मी आपला “जीप! जीप! सिस्टर!” करत राहिलो. साहेब उठला, आत जाऊन पांढऱ्या पट्टीचं बंडल घेऊन आला, आणि स्वतःच्या हातानं ताईच्या डोक्याला गुंडाळू लागला. मॅनेजर त्याच्या कानाशी भराभर काहीतरी बोलला. साहेबानं जीपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि परत पायरीवर बसला. काय सांगितलं त्याला, ते मला आजही माहीत नाही.

मी जीपच्या पुढं आडवा झालो. मोर्च्यात शिकलो होतो तसा. घोषणा दिली. घोषणेला मागून आवाज यावा लागतो. बाज धरलेले चौघे मॅनेजरच्या मागं उभ्या असलेल्या जंगलखात्याच्या नाकेदाराकडं बघत होते. त्याच्या परवानगीशिवाय ह्या गावाला सरपणाची काडी मिळत नसे. नाकेदारानं माझी तंगडी धरून मला बाजूला ओढलं. जीप गेली. रिकामी गेली, आणि दवाखान्याच्या उलट्या दिशेला, डोंगराकडं.

बैलगाडीतून सोनाळ्यापर्यंत आलो. ऊन चढत होतं, पट्टीवर माशा बसत होत्या. मी पत्रकांनी वारा घालत होतो. भाऊजी बैलांच्या शेपट्या पिरगाळत स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. “बान लागला. मागच्या मांडीत लागला. नाल्यात उतरलं. साहेबाचा कायदा असा का बान लागल्यावर घडीभर हू का चू करायचं नाई. गलका केला तं जनावर दूर पयते, गमावते. चुपचाप राह्यलं तं जवळच बसते अन् मरते.”

“आणि ताई?”

त्यांनी बैलांना शिवी दिली.

शेगावची एसटी उभी होती, गच्च भरलेली. कंडक्टरनं बाज पाहिली आणि “हे लगेज नाही चालणार” म्हणाला. तेवढ्यात ड्रायव्हर खाली उतरला. म्हातारा, मिशीवाला. त्यानं बाजेवर वाकून पाहिलं.

“काऊन बे, मानसाले लगेज म्हन्तं? मांगचे बाकडे खाली कर.”

“दादा, टाइम...”

“टाइम गेला चुलीत. थेट खामगाव. कोनाले मधात उतरायचं अशीन तं आताच उतरा.”

दोघंतिघं कुरकुरत उतरले. एक पागोटेवाला म्हणाला, “माही तारीख हाय ना बापा शेगावच्या कोर्टात.” तरी तो उतरला नाही, ताईचं डोकं मांडीवर घेऊन खामगावपर्यंत बसला, आणि वाटेत मध्ये मध्ये “व माय, जीव धर, आलंच खामगाव” म्हणत राहिला. खामगाव कितीतरी लांब होतं. ताईचा श्वास मध्येच थांबायचा. मी तिचं नाक दाबून धरावं की सोडावं, तोंडातलं रक्त कुठल्या बाजूला काढावं, काही कळत नव्हतं. इतका निरुपयोगी मी कधी नव्हतो. एका वळणावर तो बुडबुडा थांबला तो पुन्हा येईचना. मी मोठ्यानं ताईला हाक मारली, बसमधली सगळी माणसं उभी राहिली. मग तिला उचकी आली, पागोटेवाल्याच्या धोतरावर रक्त पडलं, आणि ती पुन्हा श्वास घेऊ लागली. “सांडू द्या, सांडू द्या,” तो म्हणाला.

ती वाचली. डॉक्टरांनी गाल जागेवर शिवला, डोळा काढून टाकला. किती तरी दिवस ती नळीनं दूध प्यायची. मी त्या दिवसांत नवं पत्रक लिहिलं. कंपनी, नाकेदार, मॅनेजर, साहेब, सरकार, कुणालाच सोडलं नव्हतं. भाऊजी वॉर्डाच्या दारात उकिडवे बसून राहायचे. आत येत नव्हते. अस्वल सापडलं नाही, साहेब निघून गेला, एवढं त्यांनी मला सांगितलं.

ताईला बोलता यायला लागलं त्या दिवशी मी तिला पत्रक वाचून दाखवत होतो. तिनं हात हलवून मला थांबवलं. शिवलेल्या तोंडातून शब्द अर्धे बाहेर पडत होते.

“त्याइले बलाव.”

भाऊजी आत आले. पलंगापासून हातभर लांब उभे राहिले.

“मी दिसली होती का तुमाले, मचानावरून?”

मी म्हणालो, “ताई, कंपनीचा हुकूमच तसा...”

“तू चूप राह्य. तुले नाई इचारलं.”

भाऊजी फरशीकडं बघत होते. “हाव,” ते म्हणाले. “नाल्यातून वर येतानी दिसली.”

“अन् बान लागेल अस्वल नाल्यात हाय, हे बी मालूम होतं.”

“हाव.”

“मंग आवाज काऊन नाई देल्ला?”



“देतच होतो. तोंड उघडलं होतं म्या. साहेबानं बोट ठुलं व्हटावर.”

“कोनाच्या व्हटावर?”



“त्याच्या सोताच्या,” ते म्हणाले.

ताई उरलेल्या डोळ्यानं त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिला पाणी हवं झालं. तांब्या भाऊजींच्या हाताशी होता. तिनं ते माझ्याकडं मागितलं.