लोणारची ड्युटी

देवळात शिरताना पायातलं बाहेर काढायचं, एवढं मला आईने शिकवलं होतं. इटलीतल्या देवळात ते काढायचं नसतं, हे सांगायला तिथे आई नव्हती. म्हणून लढाईच्या दिवसांत, भर थंडीत, एका डोंगरावरच्या गावी मी सरकारी बूट दाराशी नीट जोडीने लावले, मोज्यांनिशी चर्चमध्ये गेलो, आणि बाहेर येऊन पाहतो तर डावा बूट गायब. उजवा जिथल्या तिथे. एकच बूट कोण नेतो? कुत्र्याने नेला असेल... जाऊ द्या. हा किस्सा मी डेपोत, लग्नकार्यात, सासुरवाडीत शंभरदा सांगितला आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. त्याच्या पुढचं मात्र चारचौघांत कधी सांगितलं नाही. ते आज लिहितो.

पण त्याआधी माझ्याबद्दल गैरसमज नको. मुक्कामाच्या गावी ज्या चिंचेखाली भुताच्या भीतीने बाकीचे ड्रायव्हर गाडी लावत नाहीत, तिथे मी बिनधास्त लावून टपावर झोपतो — सकाळी सावली मिळते म्हणून. आमच्या एका मावशीच्या अंगात यायचं. तिला मी भर आरतीत माझी बदली कुठे होणार ते विचारलं होतं. तिने अकोला सांगितलं, झाली मेहकरला. तेव्हापासून त्या खात्याशी माझा व्यवहार बंद आहे.

तर मी रामभाऊ. मेहकर डेपोत एस.टी. चालवतो. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या एका मोटार कंपनीत, म्हणजे ट्रकच्या तुकडीत, ड्रायव्हर होतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला कंपनीत दुसरा एकच — लोणारचा तुळशीराम. मळेवाला गडी, वांगी-मिरचीत वाढलेला. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच भरती झाला. त्याला अक्षरओळख नव्हती आणि मी सातवीची फायनल पास, म्हणून बायकोला, सखूला, त्याची पत्रं मीच लिहायचो. ती गावातल्या मास्तरांकडून उत्तर लिहून घ्यायची, तेही मीच वाचून दाखवायचो. हे मुद्दाम सांगतो. त्याने घरी जे काही कळवलं, त्यातला शब्द न् शब्द माझ्या हातून गेला आहे.

सुटीच्या दिवशी कंपनीचा ट्रक आम्हाला जुनी गावं आणि देवळं दाखवायला न्यायचा. नेपल्सजवळचं राखेखाली गाडलं गेलेलं शहर पाहिलं. रोमचं ते अवाढव्य चर्च पाहिलं — वर घुमटाकडे बघता बघता माझी टोपी पडली. सगळे आ वासून उभे, आणि तुळशीराम म्हणतो कसा, "मोठं हाये, पन आमच्या दैत्यसूदनाच्या देवळाचं कोरीव काम पाह्यलं नाई तुमी." कुठेही न्या, हा माणूस लोणारलाच पोचलेला असायचा.

ते डोंगरावरचं गाव छोटं. दगडी बोळ, तोफेने उडालेली दोन-चार घरं, आणि टोकाला एक जुनं चर्च. आत मांडीवर लेकरू घेतलेली मेरीमाता. तिच्या बाजूची भिंत पाहून आम्ही दोघे थबकलो. भिंतीवर खिळे ठोकून चांदीच्या पत्र्याचे हात, पाय, डोळे टांगलेले. नवसाचे. तुळशीराम एकदम खूश झाला. "पाह्य बे, आपल्या लोनारच्या कमळजादेवीले बी असंच वाह्यतात." मग त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ उभा राहिला. मी चिडवलं, अरे तुझी भाषा तिला समजते का? तो म्हणाला, "मायले समजते. मले घरी पोचव म्हनलं. चांदीचा हात वाहीन." आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. आमच्या तुकडीचे बाकीचे बाहेर दारूच्या दुकानात शिरले होते.

बाहेर आलो आणि बुटाचं ते झालं.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. माझ्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. आई म्हणायची भाग्याचं लक्षण. भाग्याचं माहीत नाही, पण स्टोअरमधला कोणताच डावा बूट मला होत नसे. माझा बूट मोच्याकडून कापून, बाजूला चामडं लावून घेतलेला होता. तो गेला आणि मी चिखलात, बर्फात पायाला पोत्याचं फडकं गुंडाळून बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढच्या चौकीला रेशन पोचवायची पाळी माझी होती. क्लच दाबायचा तो नेमका डावा पाय.

तुळशीराम म्हणाला, "तू शेकत बस. मी जाऊन येतो."

मी काय म्हणालो असेन? "तिसरा गिअर अडकतो, सांभाळ." एवढंच. तो गेला, आणि मी शेगडीपाशी बसून चहा प्यायलो. दोन कप.

वाटेत सुरुंग होता. ट्रक उडून खालच्या नदीत गेला. नदीला पाणी भरपूर, धारेला ओढ. दोन दिवसांनी ट्रकचं लोखंड काढायला माणसं गेली, त्यांत मीही होतो, तोवर उसना बूट मिळाला होता. बाकीचे वर दोर सोडत होते. मी काठाने खाली गेलो तर दगडांत एक हात अडकलेला. कोपरापासून. उजवा. मनगटावर मारुती गोंदलेला.

मी तो हात तिथेच पुरला, वर दगड रचले आणि वर येऊन सांगितलं, काही नाही. कागदावर 'बेपत्ता' लागलं.

का सांगितलं नाही? वरवरची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. खरं कारण असं की सांगितलं असतं, तर साहेबाने सखूला मराठीत पत्र लिहायला मलाच बसवलं असतं. आणि त्या पत्रात, तो माझ्या जागी का गेला, ते लिहावं लागलं असतं. बेपत्ता माणसाचं पत्र लिहावं लागत नाही.

लढाई संपली. मी परत आलो, लग्न केलं, तीन पोरं झाली, एस.टी.त लागलो. लोणारची ड्युटी लागली की मी कोणाशी तरी बदलून घ्यायचो. कधी पोटात दुखायचं, कधी सासऱ्याला बरं नसायचं. आमच्या सासऱ्यांना मी इतक्या वेळा आजारी पाडलं की डेपोत लोक माझ्याआधी त्यांचीच तब्येत विचारू लागले. म्हातारा ठणठणीत होता.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं होत आली होती. चैताचं ऊन. त्या दिवशी बदलायला कोणीच नव्हतं. दुपारी बाराला गाडी लोणारला लागली. परतीची फेरी तीनला. कंडक्टर जेवायला गेला. मी मात्र कोणी ओळखू नये म्हणून गाडीतच बसणार होतो... पण पत्रा असा तापला होता की बसवेना. खाली उतरलो, पाय धुतले आणि लिंबाखाली अनवाणी बसलो.

एक बाई वांग्याचं टोपलं घेऊन समोरून चालली होती. पस्तिशीची असेल. उन्हाने रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती थांबली. माझ्या पायांकडे बघत राहिली. मी पाय मागे ओढले.

"तुमी रामभाऊ," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मी हो म्हटलं की नाही आठवत नाही. तिने टोपलं उतरवलं आणि समोर बसली. नवऱ्याचं नाव घेणार कशी? म्हणाली, पलटनीतल्या तुमच्या दोस्ताची घरवाली. मी विचारलं, मला कसं ओळखलं? तर म्हणाली, डाव्या पायाची बोटं मोजली.

आता वाचकहो, माझी सहा बोटं मी तुळशीरामच्या पत्रात लिहीन का? मी कधी लिहिली नव्हती.

मग ती सांगत गेली, आवाज न चढवता, वांग्याचा भाव सांगावा तसं. लढाईच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, भर दुपारी ती मळ्यात पाणी देत होती. वाफा भरला, मान वर केली तर तो बांधावर बसलेला. खाकी कपडे, ओलेचिंब. ती म्हणे धावली नाही, कारण पाहताक्षणीच काही चुकतंय हे तिला कळलं — उजवी बाही रिकामी होती. त्याने सांगितलं, एका डोंगरावरच्या देवळात घरी पोचव म्हणून मागितलं होतं, पोचलो. तिने भाकरी आणू का विचारलं. तो नको म्हणाला.

"मी म्हनलं, हात कुठी हाये तुमचा? तं म्हने, रामभाऊनं ठेवला. त्याले ठाव हाये. डाव्या पायाले सहा बोटं हायेत त्याच्या."

माझ्या कानात गाडीचं इंजिन चालू असल्यासारखं काहीतरी घुमत होतं. गाडी तर बंद होती.

"अन् म्हने, तो येऊन सांगत नाई तवर कुंकू पुसू नोको."

ती पाणी वळवायला उठली, परत वळली तर बांधावर कोणी नव्हतं. बसल्या जागी माती ओली होती, एवढंच. बेपत्ता झाल्याचं सरकारी पत्र त्यानंतर महिन्याने आलं. तिच्या भावाने पुढे एक स्थळ पाहिलं होतं, पाट लावायला. भला माणूस होता, जमीन होती. तिने नाही म्हटलं. एकदा नाही, तीनदा. सासू खपली, सासरे खपले. गावातल्या बायका हळदीकुंकवाला कधी बोलवायच्या, कधी तिला पाहून वाट बदलायच्या. सवाशीण की विधवा, कोणालाच ठरवता येईना. यात मला दोष देणारं एक अक्षर नव्हतं. दिला असता तर बरं वाटलं असतं.

"मंग, ठेवला का तुमी?" तिने विचारलं.

मला अजून सांगता आलं असतं की मला काही माहीत नाही. खरं सांगतो, तोंडात तेच आलं होतं. पण ती इतकी स्थिर बघत होती...

"हो," मी म्हणालो. "नदीकाठी. वर दगड रचले."

"पानी सोडलं त्याच्यावर?"

"नाही."

मग मी सगळं सांगितलं. बूट, पाळी, ट्रक, चहाचे दोन कपसुद्धा. ती ऐकत होती. बूट हरवल्याचं सांगताना मला सवयीने हसू येऊ लागलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते जिथल्या तिथे मेलं.

सांगून झालं.

"मंग पुसू का मी?"

असा प्रश्न कोणी कोणाला विचारू नये. मी "पुसा" म्हणालो. मोठ्याने नाही, पण म्हणालो. माझ्या तांब्यात पाणी होतं. तिने त्यात पदराचं टोक बुडवलं आणि कपाळ पुसलं, दोनदा. सतरा वर्षांच्या कुंकवाचा डाग पुसून जात नाही, कपाळ तेवढं लालसर राहिलं. बांगड्या तिने तिथे फोडल्या नाहीत. म्हणाली, घरी जाऊन फोडीन, इथं मानसं अनवानी चालतात.

मग उठली. "टोपल्याले हात लावता का, भाऊ?"

मी एका बाजूने हात लावला, टोपलं तिच्या डोक्यावर चढलं, आणि ती बाजाराकडे निघून गेली.

तीनची गाडी मी वेळेवर काढली. कंडक्टर म्हणाला, आज गिअर फार कचाकचा टाकून राह्यले तुमी, रामभाऊ.

पुढे पुष्कळ डोकं चालवलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असेल? कंपनीत आमच्याकडचं तिसरं माणूस नव्हतं, आणि त्या हाताबद्दल मी झोपेतही कोणाला बोललो नव्हतो. तिने अंदाज बांधला म्हणावं तर हात, तोही उजवा, तोही मी ठेवलेला — असा अंदाज कोण बांधतो? आणि तो बांधावर आला ते सरकारी पत्राच्या आधी. एका डॉक्टरांना विचारलं, एका कीर्तनकारांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. कीर्तनकार म्हणाले, अतृप्त आत्मा. दोघांनाही मी अर्धीच हकिकत सांगितली होती, त्यामुळे त्यांना तरी काय दोष द्यायचा. मला आजही उलगडा झालेला नाही.

घरी मात्र मी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. दिवेलागण झाली होती, पोरं ओट्यावर पाढे म्हणत होती. बायको ज्वारीचं पीठ चाळत होती. बुटाचा किस्सा तिला पाठ होता, तिथे ती हसली, आणि पुढे मात्र चाळणीचा हात थांबला तो थांबलाच. सखूबाई हाताबद्दल बोलली ते सांगताना माझ्या अंगावर काटा आला होता. मी तिला दंड दाखवला. म्हटलं, बघ, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही, पण तिला हे कळलं कसं, सांग.

तिने दंडाकडे पाहिलं नाही. मग पीठ पुन्हा चाळायला घेतलं आणि खाली बघतच म्हणाली,

"तो मेलेला मानूस समुद्र ओलांडून तिच्या बांधावर आला. तुमाले मेहकराहून पंधरा मैल नाई जमले."