सोने सात, रुपे पाच

लग्न होऊन मी झाशीला आले तेव्हा सासरी एक खजिना होता. म्हणजे खजिन्यावरचा वाद होता. गदराच्या धामधुमीत कुणा पूर्वजानं घरातलं सोनंनाणं पुरलं आणि त्याची जागा सांकेतिक भाषेत लिहून ठेवली, अशी दंतकथा. तो कागद जमिनीच्या दस्तऐवजांसोबत पत्र्याच्या पेटीत, कुलपात. बायकांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यांच्यासमोर तो वाचायचा नाही, हा घरचा कायदा. बडा बाजारातल्या पानवाल्याला मात्र तो शब्द न् शब्द पाठ होता.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, रेल्वेच्या मालगोदामात कारकून. दर रविवारी त्यांच्याकडे एक निवृत्त तारबाबू येत. जन्मभर स्टेशनावर तारा ठोकल्यामुळे जगातले सगळे संकेत आपल्याला कळतात, अशी या गृहस्थांची प्रामाणिक समजूत होती. मामंजींच्या मते कागद अस्सल, तारबाबूंच्या मते कुणा भामट्यानं मागाहून रचलेला.

"अहो दादा, ये सब बनावट है. खरा संकेत असा उघड उघड सोनं सोनं करतो का?"

"तेव्हाची माणसं सरळ होती."

"सरळ होती तर मग संकेत कशाला लिहिला?"

असा कीस दुपार टळेपर्यंत पडायचा. इतकी बुद्धी त्या दोघांनी दुसऱ्या कशात घातली असती तर निदान घराचं गळकं छप्पर तरी दुरुस्त झालं असतं. मला दोघांचाही मनापासून तिटकारा होता आणि चहा मात्र मलाच करावा लागे.

भाद्रपद लागला आणि मामंजींनी वादाचा निकाल लावायचं ठरवलं. कागदात कोठीचा उल्लेख होता. तेव्हा धान्याच्या कोठीसमोरची जमीन खणायची. मानिक चौकात जाऊन ते दोन मजूर सांगून आले.

"तिथं माझ्या गौरी बसतात," सासूबाई म्हणाल्या.

"या वर्षी दुसरीकडे बसव."

गौरी चार दिवसांवर होत्या. सासूबाईंचं माहेर दूर खाली इंदूरकडे, इथं त्यांच्या रक्ताचं कुणी नाही. वर्षातले ते तीन दिवस आणि कोठीसमोरची ती दोन हात जागा, एवढंच काय ते त्या घरात त्यांच्या हुकुमाचं होतं. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही.

मजूर यायच्या आदल्या दिवशी तारबाबूंनी नवी टूम काढली. कागद तिऱ्हाइतानं मोठ्यानं वाचावा, म्हणजे कुणी शब्द फिरवला असं व्हायला नको. मामंजींनी बराच विचार करून मला हाक मारली. नवी सून म्हणजे अजून घरातली धरायची नाही, असा तो हिशेब असावा.

मी वाचू लागले. "सोने सात. थांबणे. विचारणे..."

"रुपे पाच, डावीकडे," आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या डाळ निवडत होत्या.

मी कागदावर पाहिलं. तेच होतं. पुढचं मी वाचलंच नाही. त्याच म्हणत गेल्या, "मोती तीन. कोठी उघडून दाखवणे. दोघी शेजारी. तिसऱ्या दिवशी उठवणे."

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती.

"तुला कुणी सांगितलं?" मामंजी ताडकन उठले.

"तुमच्या आईंनी. लग्नानंतर पहिल्या भाद्रपदात. गौर उंबऱ्यातून घ्यायची, सोन्याच्या पावलांनी आली म्हणत सात पावलं चालायचं, मग रुप्याच्या, मग मोत्यांच्या. नव्या सुनेला इथं शेजारीपाजारी विचारायला मराठी घर नाही, म्हणून कुणीतरी लिहून ठेवलं असेल."

आमच्या कोकणातल्या घरी खड्यांच्या गौरी, त्या आणताना तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यामुळे मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण मामंजी याच घरात जन्मले होते. दर वर्षी हे सगळं त्यांच्या नाकासमोर मोठ्यानं म्हटलं जात होतं आणि ते बाहेरच्या खोलीत बसून जेवणाची पानं कधी मांडतात याची वाट पाहत होते.

"पाहा, मी म्हणत होतो ना, खजिना नाहीच!" तारबाबू म्हणाले.

"थांबा," मामंजी म्हणाले. "गौरीच्या नावाआड संकेत दडवला असेल तर?"

तारबाबूंनी डोळे मिटून विचार केला. इतक्या वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खणलंच. कंबरभर खोल गेल्यावर पाणी लागलं, मजूर निघून गेले, आणि ओल्या मातीचा ढीग कोठीला टेकून तसाच राहिला.

गौरी आल्या त्या दिवशी मामंजी प्रथमच आत येऊन उभे राहिले. पश्चात्ताप नव्हता तो. पावलं मोजायला आले होते. मी गौर हातात घेऊन चालत होते आणि सासूबाई पुढे राहून उत्तरं देत होत्या. सोन्याची पावलं झाली, रुप्याची झाली, मोत्यांची झाली. कोठीशी थांबून मी विचारलं, "इथं काय आहे?" यावर धनधान्य आहे, भरलेली कोठी आहे, असं म्हणायचं असतं.

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या घरात मी त्यांचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"इथं यांनी खणलेला खड्डा आहे. बाजूनं ये, बाई."

मी बाजूनं गेले. मामंजी मान खाली घालून तिथंच उभे राहिले. मला त्यांची कीव आली नाही, आजही येत नाही.